खुनी कोण हे माहीत असूनही

जेवणाचं लांब टेबल, पांढराशुभ्र मेजपोश, चकचकीत ग्लास. पाहुणे जमलेत, पण आनंदाने कोणीच आलेलं नाही. काहींना तर पोलिसांनीच आणून बसवलंय. वाढायला उभे असलेले वेटर हे वेषांतर केलेले पोलीस आहेत आणि हातातल्या ताटल्या कशा धरायच्या हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. टेबलाभोवतीच्या एका माणसाने खून केलेत. यजमान निक चार्ल्स हा एके काळचा नावाजलेला गुप्तहेर. तो एकेकाला बोलतं करतो, धागे जुळवत जातो, सगळे श्वास रोखून ऐकत असतात. मध्येच शेजारी बसलेली त्याची बायको नोरा हळूच विचारते, हे खरं आहे का? तोही तितक्याच हळू सांगतो, माहीत नाही. मग बोलतोयस कशाला? तर म्हणे, असंच घडलेलं असेल तरच सगळ्याचा मेळ बसतो.

१९३४ सालच्या ‘द थिन मॅन’मधला हा प्रसंग. विनोदी रहस्यपटांवर माझं इतकं प्रेम का, याचं उत्तर मला या दोघांच्या कुजबुजीत सापडतं. गंभीर हेरकथेतल्या गुप्तहेराला सगळं आधीच कळलेलं असतं आणि आपण त्याच्या मागून धापा टाकत जात असतो. विनोदी रहस्यपटात तो आपल्याइतकाच अंधारात चाचपडतो, आणि त्या अंधारात त्याच्याबरोबर कोणीतरी असतं. बायको, मित्र, नोकर, कधी एखादं लहान मूल. रहस्य दोन तासांत सुटतं आणि संपतं. ही सोबत मात्र संपत नाही.

म्हणून माझी कसोटी एकच आहे: खुनी कोण हे कळल्यावर मी तो सिनेमा पुन्हा बघेन का? एकदा सोडवलेलं शब्दकोडं कोणी दुसऱ्यांदा सोडवायला घेत नाही. पुष्कळ चांगले, चलाख, घट्ट बांधलेले रहस्यपट या कसोटीवर उतरत नाहीत. ‘द थिन मॅन’ उतरतो. खुनी कोण हे मला पाठ आहे, तरी डिसेंबर आला की मी तो लावते, कारण त्याची गोष्ट नाताळच्या दिवसांत घडते. नाताळच्या सकाळी निक सोफ्यावर आडवा पडून, भेट मिळालेल्या छर्र्याच्या बंदुकीने झाडावरचे फुगे फोडत असतो आणि नोरा नवा फरकोट घालून त्याच्याकडे शांतपणे बघत असते. या प्रसंगाचा खुनाशी काडीचाही संबंध नाही. सिनेमातला सगळ्यात लक्षात राहणारा प्रसंग मात्र तोच.

हे असं घडलं त्याला कारण आहे. मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची. हॅमेट स्वतः पिंकर्टन या प्रसिद्ध गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता, त्यामुळे पाठलाग, पाळत, खबरे हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइकने पटकथाकारांना सांगितलं, की कथा फक्त आधाराला घ्या, मला या नवराबायकोच्या गप्पा हव्यात. पटकथाकार होते फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट, आणि तेही खरोखरचे नवराबायको! त्या संवादांत जी जवळीक आहे ती मला नेहमी त्यांच्या घरातून आल्यासारखी वाटते. निक तपासाला जाताना नोराला टॅक्सीत बसवून जनरल ग्रँटच्या समाधीकडे पाठवून देतो, म्हणजे ती मागे यायला नको. नंतर समाधी कशी वाटली असं विचारतो, तेव्हा ती न रागावता सांगते, की फार आवडली, तुझ्यासाठीही तशीच एक करून घेतेय.

नोराचं काम मर्ना लॉयने केलंय. त्याआधी तिला बहुतेक वेळा गूढ, मोहात पाडणाऱ्या ‘पौर्वात्य’ बायकांच्या भूमिका मिळत. व्हॅन डाइकला तिच्यात काही वेगळं दिसलं होतं. एका पार्टीत त्याने तिला मुद्दाम पोहण्याच्या तलावात ढकलून दिलं आणि ती ते कसं घेते ते बघितलं. तिने ते हसत निभावलं. पडद्यावर तिचा प्रवेशही असाच: दोन्ही हातांत नाताळच्या खरेदीची पुडकी, दोरीला बांधलेला कुत्रा तिला ओढत हॉटेलात घुसतो आणि ती पुडक्यांसकट जमिनीवर सपाट पडते. उठते ती मात्र राणीसारखी. माझ्या आईला इंग्रजी संवादांचा वेग झेपत नाही, पण हा प्रवेश पाहून ती म्हणाली, “ही बाई पडली तरी कमी होत नाही गं.” नोराचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याही समीक्षेत वाचलेलं नाही.

आणि तपास हवा असतो तो नोरालाच. निकला निवृत्ती प्रिय आहे, बायकोचे पैसे सांभाळावेत आणि मार्टिनीचे प्याले रिचवावेत हा त्याचा दिनक्रम. पिस्तूल रोखलेल्या गुंडापासून वाचवायला तो नोराला एक ठोसा मारून खाली पाडतो. शुद्धीवर आल्यावर तिची तक्रार काय, तर तू त्याला लोळवशील हे मला माहीत होतं, पण मला ते बघायचं होतं! विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय यांनी एकत्र १४ चित्रपट केले, आणि ते खरोखर एकमेकांशी लग्न करून राहतात असं अनेक प्रेक्षकांना वाटत असे. पुढे या मालिकेचे आणखी पाच भाग निघाले. त्यातला १९३६चा दुसरा भाग चांगला आहे. त्यापुढच्या भागांत चमक उतरत गेली, तरी हे दोघं पडद्यावर असेपर्यंत मला त्याचं फार वाटत नाही.

‘द थिन मॅन’च्याही दहा वर्षं आधीचा एक सिनेमा आहे आणि तो मी घरी येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला दाखवते. बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’, १९२४चा. मूकपट, जेमतेम पाऊण तासाचा, आणि आता इंटरनेटवर सर्वांना खुला. नायक थिएटरात प्रोजेक्टर चालवतो आणि फावल्या वेळात गुप्तहेर कसं व्हावं याचं पुस्तक वाचतो. आवडत्या मुलीसाठी त्याने एक डॉलरची चॉकलेटं घेतली आहेत आणि छाप पाडायला डब्यावरच्या एकाचा चार केलाय. नेमकं त्याच वेळी तिच्या वडिलांचं घड्याळ चोरीला जातं, आणि ते चार डॉलरला गहाण पडल्याची पावती याच्या खिशात निघते. चोराने ती टाकलेली. चारला चार जुळले आणि बिचारा चोर ठरला.

पुस्तकात लिहिलंय, संशयिताच्या अगदी मागे राहा. मग तो खरोखरच संशयिताच्या पाठीला नाक घासेल इतका मागे चालतो, त्याच्या पावलावर पाऊल टाकत, तो ठेचकाळला की हाही ठेचकाळतो. शेवटी निराश होऊन प्रोजेक्टरपाशी झोपतो. स्वप्नात पडद्यात शिरून तो जगातला सगळ्यात मोठा गुप्तहेर होतो. बिलियर्डच्या टेबलावर १३ नंबरचा स्फोटक चेंडू ठेवलेला असताना तो बाकीचे सगळे चेंडू टिपतो आणि त्या एकाला धक्काही लावत नाही. मग चालक नसलेल्या मोटारसायकलच्या हँडलवर बसून सुसाट जातो. हे सगळे पराक्रम कीटनने स्वतः केले. पाण्याच्या टाकीच्या नळाखालच्या प्रसंगात पाण्याचा लोट अंगावर आदळून त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं, आणि ते त्याला कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रेमध्ये.

पण मला या सिनेमात सगळ्यात आवडते ती गोष्ट फार घाईत होऊन जाते आणि पुष्कळांच्या नजरेतून सुटते. नायक स्वप्नात जग जिंकत असताना ती मुलगी चालत चालत गहाणाच्या दुकानात जाते आणि विचारते, हे घड्याळ कोणी आणून दिलं? दुकानदार खऱ्या चोराकडे बोट दाखवतो. झालं. तपास संपला! नायकाला जाग येते तेव्हा ती दारात उभी असते, चूक झाली म्हणून सांगायला. शंभर वर्षांपूर्वीच्या सिनेमात गुन्ह्याचा छडा एका मुलीने एक साधा प्रश्न विचारून लावलाय. हे मुलांना दाखवताना मी तिथे थांबवते आणि विचारते, चोर कोणी पकडला? उत्तर द्यायला त्यांना थोडा वेळ लागतो. मग मुली आधी हसतात.

आमच्या पिढीची या प्रकाराशी ओळख मोठ्या पडद्यावर झाली नाही. १९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ ही गुप्तहेराची मालिका आली. गाजर खाणारा पंकज कपूर आणि त्याची मदतनीस किटी. संपूर्ण वाडा एका टीव्हीसमोर जमायचा. किटीने काही म्हटलं की करमचंद तिला गप्प करायचा आणि आम्ही पोरं ते वाक्य आठवडाभर एकमेकांना ऐकवायचो. नोराला भेटल्यानंतर मात्र किटीबद्दल मला वाईट वाटत राहिलं. सुश्मिता मुखर्जीसारखी गुणी नटी होती ती. तिला थोडं बोलू दिलं असतं तर काय बहार आली असती.

पीटर सेलर्सच्या इन्स्पेक्टर क्लूसोचं, त्या धांदरट फ्रेंच पोलिसाचं, नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. क्लूसो हा आधी नायक नव्हताच. ‘द पिंक पँथर’मध्ये बडी भूमिका होती डेव्हिड निव्हनच्या चोराची, आणि क्लूसोसाठी ठरला होता पीटर उस्तिनोव्ह. त्याने अगदी ऐनवेळी माघार घेतली, सेलर्स आला आणि सिनेमा चोराच्या हातून इन्स्पेक्टरच्या हातात गेला. लगेच पुढच्या वर्षी, १९६४ला, ‘अ शॉट इन द डार्क’ आला. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात उत्तम तोच. गंमत म्हणजे तो एका नाटकावर बेतलेला आहे आणि त्या नाटकात क्लूसो नव्हता. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्सने तो त्यात बसवला. त्याच्या सोबतीला पटकथा लिहिणारा विल्यम पीटर ब्लॅटी, ज्याने पुढे ‘एक्झॉर्सिस्ट’सारखी अंगावर काटा आणणारी कादंबरी लिहिली.

क्लूसो दिसेल त्या वस्तूशी भांडतो. वाकड्या काठीने बिलियर्ड खेळतो, वेषांतर करून फुगे विकायला बसतो आणि परवाना नाही म्हणून त्याचेच पोलीस त्याला गाडीत घालून नेतात. चित्रकार झाला तरी तेच, शिकारी झाला तरी तेच. पण सेलर्सने त्याला मूर्ख म्हणून उभं केलं नाही, फार स्वाभिमानी माणूस म्हणून उभं केलं. पडल्यावर तो असा उठतो, जणू पडणं हा तपासाचाच भाग होता. आणि एका बाबतीत तो पहिल्यापासून बरोबर असतो. प्रत्येक प्रेताशेजारी मारिया गाम्ब्रेली ही मोलकरीण सापडते, कधी तर हत्यार हातात घेऊन, आणि हा म्हणतो, ती निर्दोष आहे. सगळे पुरावे उलटे. कारण काय, तर ती त्याला आवडते. तरीही तो बरोबर असतो! त्याचा वरिष्ठ ड्रायफस, म्हणजे हर्बर्ट लोम, सगळ्या तर्काने, नियमाने विचार करतो आणि त्यानेच त्याच्या डोळ्याची पापणी फडफडायला लागते.

या सिनेमात मला एक जागा खटकते. क्लूसो आणि मारिया रात्रभर क्लबांमधून हिंडत असतात आणि त्याच्यावर नेम धरलेला मारेकरी दर वेळी भलत्याच माणसाला मारतो. त्या मरणाऱ्यांना नाव नाही, चेहरा नाही, आणि आपण हसावं अशी अपेक्षा आहे. आमच्या सांगलीच्या घरी हा सिनेमा लागला होता तेव्हा माझी आजी बराच वेळ मजेत बघत होती. त्या प्रसंगाला म्हणाली, “अगं, माणूस मेला ना तिथं? मग हसताय काय?” आम्ही तिला ‘सिनेमाच आहे गं’ म्हणून समजावलं. पण प्रश्न खरा होता आणि तो माझ्याजवळ राहिला. खून झालेल्या घरात हसायचं, तर कशाला हसायचं आणि कशाला नाही?

या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर मला सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या दोन चित्रपटांत मिळालं.

फेलूदा म्हणजे प्रदोष मित्तर, रायांनीच लिहिलेल्या कथांमधला बंगाली गुप्तहेर. रायांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, सुरू केलेल्या ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात तो १९६५ साली अवतरला. मराठी वाचकांना तो अशोक जैन यांच्या अनुवादांतून चांगला परिचयाचा आहे. फेलूदाला पडद्यावर आणण्याआधी, १९६७ साली, रायांनी ब्योमकेश बक्षी या दुसऱ्या बंगाली गुप्तहेरावर ‘चिडियाखाना’ हा रहस्यपट केला होता आणि त्यावर ते स्वतः खूश नव्हते. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून गुप्तहेराने लांबलचक उलगडा करायचा, हे पुस्तकात वाचायला छान वाटतं. पडद्यावर ते नुसतं बोलणं होतं. म्हणून १९७४ साली ‘सोनार केल्ला’ करताना त्यांनी एक धाडस केलं. कादंबरीत शेवटपर्यंत दडवलेले खलपुरुष सिनेमात त्यांनी सुरुवातीलाच आपल्यासमोर आणून उभे केले. कोणी कोणाला कड्यावरून ढकललं, कोण कोणाचं नाव लावून फिरतोय, हे आपल्याला ठाऊक असतं आणि फेलूदाला नसतं. रहस्यच काढून टाकलं! मग उरलं काय? उरला प्रवास आणि उरली माणसं.

गोष्ट अशी की, मुकुल नावाच्या कोलकात्यातल्या लहान मुलाला मागचा जन्म आठवतो. तो सोन्याच्या किल्ल्याची, मोरांची, लढाईची चित्रं काढतो. त्याच्या त्या घरात रत्नं होती असं तो सांगतो आणि ते दोन बदमाशांच्या कानावर जातं. एक डॉक्टर मुकुलला घेऊन राजस्थानात जातात, मागून बदमाश, त्यांच्या मागून फेलूदा आणि त्याचा चुलत भाऊ तोपशे. आणि मग, सिनेमा बराच पुढे सरकल्यावर, आगगाडीच्या डब्यात एक टकला, मिशाळ, बुटका गृहस्थ शिरतो. लालमोहन गांगुली, टोपणनाव जटायू, धाडसी कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक. समोरचे बंगाली नाहीत असं समजून तो त्यांच्याशी ठेचकाळत्या हिंदीत बोलायला लागतो आणि त्या क्षणापासून सिनेमाचा रंगच पालटतो.

जटायूच्या कादंबऱ्यांत उंट, वाळवंट, सिंह सगळं असतं, पण त्यातलं त्याने काहीच पाहिलेलं नसतं. त्याच्या पुस्तकातल्या चुका फेलूदा दाखवतो, तर तो न रागावता पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायचं कबूल करतो. जवळ नेपाळी कुकरी, पण ती काढायची वेळ येऊ नये अशी मनोमन प्रार्थना. राजस्थानातल्या रस्त्याला उंट काटेरी झुडपं खाताना दिसतात आणि हा फार गंभीरपणे विचारतो, की उंट काटे वेचून खातो का? पुढे बदमाश रस्त्यावर काचा पसरतात, गाडीची चाकं बसतात आणि तिघांना खरोखरच उंटावर बसावं लागतं. आयुष्यभर कागदावर उंट पळवलेल्या माणसाला आता उंट घेऊन पळतो. रुमाल हलवत, धुळीत, धावत्या आगगाडीला थांबवायला निघालेली ती तीन उंटांची रांग! गाडी काही थांबत नाही. ‘उंट बनाम ट्रेन’ नावाचा एक आख्खा लेख रायांनी या चित्रीकरणावर लिहिलाय, इतका तो त्यांच्याही जिव्हाळ्याचा. मग रामदेवरा स्टेशनवर रात्र काढायची, शेकोटीपाशी लोकगायक गातायत आणि थंडीत कुडकुडणारे हे तिघं. तपास थांबलेला असतो आणि मला वाटतं, हा थांबा असाच चालू राहावा.

जटायूचं काम केलंय संतोष दत्त यांनी. पेशाने ते वकील, फौजदारी खटले चालवणारे. त्यांनी ती भूमिका अशी काही अंगात भिनवली, की पुढे रायांनी फेलूदाच्या गोष्टींसाठी काढलेल्या चित्रांमध्ये जटायूचा चेहरा संतोष दत्तांसारखा होत गेला. १९८८ साली ते वारले, त्यानंतर रायांनी स्वतः फेलूदाचा सिनेमा केला नाही. जटायू नाही तर फेलूदा नाही, असा तो हिशेब.

दुसरा सिनेमा ‘जय बाबा फेलूनाथ’, १९७९चा, काशीत घडणारा. इथे खलपुरुष आहे मगनलाल मेघराज, आणि उत्पल दत्त यांनी त्याला इतक्या गोड आवाजात बोलायला लावलंय की आपलाच घसा सुकतो. तो फेलूदा, तोपशे आणि जटायू या तिघांना घरी बोलावतो. सरबत पाजतो. जटायूला वाटतं, यात विष असणार. इथवर आपण हसत असतो. मग मगनलाल करमणूक म्हणून जटायूला लाकडी फळीसमोर उभा करतो आणि सर्कशीतल्या एका म्हाताऱ्या, थरथरत्या माणसाला त्याच्या भोवती सुरे फेकायला लावतो. एकेक सुरा जटायूच्या कानाजवळ, काखेजवळ रुततो. मगनलाल टाळ्या वाजवून हसतो, आणि आपलं हसू कुठल्या कुठे गेलेलं असतं.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. ज्याला बघून आपण तास-दीड तास खुदुखुदु हसत होतो, त्याच माणसावर एक क्रूर माणूस हसायला लागतो, आणि आपल्या हसण्यातला आणि त्याच्या हसण्यातला फरक लख्ख दिसतो. आपण जटायूबरोबर हसत होतो, त्याच्या भोळेपणावरच्या मायेने. मगनलाल त्याच्या भीतीवर हसतो. त्यानंतर घाटावर बसलेला फेलूदा म्हणतो, एक तर याचा सूड घेईन, नाही तर गुप्तहेरगिरी सोडून देईन. फेलूदा झालेल्या सौमित्र चटर्जींचा तो चेहरा बघा. चोरीला गेलेल्या गणपतीसाठी तो इतका पेटलेला नाही. मित्राचा अपमान झालाय म्हणून पेटलाय. शेवटी हिशेब चुकता होतो. कसा, ते तुमचं तुम्ही बघा. याच सिनेमात दुर्गेची मूर्ती रंगवणारे एक म्हातारे कारागीर आहेत, आणि त्यांच्या मृत्यूपाशी राय कोणालाही हसू देत नाहीत. माझ्या आजीला हा सिनेमा दाखवता आला असता तर तिने खात्रीने पसंत केला असता.

मरणाजवळचं हसू याहून धीटपणे हाताळणारा एक सिनेमा आपल्या मुंबईतलाच आहे. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’, १९८३चा. विनोद आणि सुधीर हे दोन गरीब फोटोग्राफर गुप्तहेर व्हायला निघालेले नसतात. बागेत काढलेला एक फोटो ते मोठा करत जातात आणि त्यात खून दिसतो. त्या बागेला दिग्दर्शकाने अंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाचं नाव दिलंय, कारण फोटोतून खून सापडण्याची कल्पना त्याच्या ‘ब्लो-अप’मधली. पुढे डिमेलोचं प्रेत महाभारताच्या नाटकात रंगमंचावर येतं आणि आपण पोट धरून हसतो. पण ज्याच्या प्रेतावर आपण हसतो तो डिमेलो कोण? लाच खाणारा आयुक्त, ज्याच्यासारख्यांमुळे पूल कोसळतात आणि माणसं मरतात. हसू नेमकं जिथे पडायला हवं तिथे पडतं. शेवट माहीत नसेल तर मी सांगणार नाही. तो हलकाफुलका नाही, आणि तो तसा नाही म्हणूनच आधीचं सगळं हसणं प्रामाणिक ठरतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘मर्डर बाय डेथ’, १९७६चा, नील सायमनने लिहिलेला: जगातल्या नामांकित गुप्तहेरांच्या नकला एका वाड्यात जमतात, दार उघडायला ॲलेक गिनेससारखा नट आंधळा बटलर म्हणून. पूर्वेकडच्या माणसांची त्यातली थट्टा आज बघवत नाही, पण शेवटी यजमान रहस्यलेखकांना जे खडसावतो, की तुम्ही वाचकांपासून पुरावे लपवता, शेवटच्या पानांत नवी पात्रं आणता, ते मला मनापासून पटतं. १९८५चा ‘क्लू’ हा बैठ्या खेळावरचा सिनेमा तीन वेगवेगळ्या शेवटांसह वेगवेगळ्या थिएटरांत लावला होता. तेव्हा तो पडला. नंतर व्हिडिओवर तिन्ही शेवट एकापाठोपाठ आले आणि लोकांना तो आवडायला लागला. टिम करी सगळी रात्र पुन्हा करून दाखवत खोल्याखोल्यांतून धावतो, त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी तरी बघाच.

‘सी हाऊ दे रन’ २०२२चा. लंडनमध्ये १९५२पासून चालू असलेल्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाचा करार असा, की नाटक बंद झाल्याशिवाय त्यावर सिनेमा काढायचा नाही; आणि नाटक बंदच होत नाही. या खऱ्या गोष्टीभोवती एक खोटा खून रचलाय. सर्शा रोनानची नवखी कॉन्स्टेबल प्रत्येक शब्द वहीत टिपते आणि दर वेळी घाईने खुनी ठरवून मोकळी होते. तिच्यासाठी सिनेमा बघावा. आणि २०१९चा ‘नाइव्ह्ज आउट’. त्यातली मार्ता ही परिचारिका खोटं बोलली की तिला उलटी होते. काय कल्पना आहे! रहस्यपटात सगळे खोटं बोलतात, आणि इथे मध्यभागी एक माणूस असं, की जिला ते शरीरानेच जमत नाही. काय घडलं असावं हे इथेही आपल्याला लवकरच दाखवतात, रायांसारखंच, आणि मग सगळा जीव लागतो तो मार्ता यातून सुटते कशी, यावर.

आता आपलं काय? मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथांचा डोंगर रचला, झुंजार आणि काळापहाड घराघरांत गेले. विनोदाचीही आपल्याकडे केवढी श्रीमंती. चिमणराव-गुंड्याभाऊंसारखी जोडी ज्या भाषेत जन्मली, तिथे विनोदी गुप्तहेर-जोडी पडद्यावर ठाण मांडून बसायला हवी होती. तसं झालेलं नाही आणि त्याची मला खंत आहे. सगळ्यात जवळ पोचला तो २०१७चा ‘फास्टर फेणे’, आदित्य सरपोतदार यांचा. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या आजच्या पुण्यात आणला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा त्याच्यासमोर ठेवला, आणि दिलीप प्रभावळकरांना खुद्द भा. रा. भागवत केलं. लेखक आणि त्याचं पात्र एकाच घरात चहा पितात हे बघताना मी भारावून गेले होते. अमेय वाघचा बन्या चपळ आहे, त्याच्या मागे लागणारं रस्त्यावरचं चिमुरडं पोरही फक्कड. पण गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा इतका जबरदस्त झालाय की सिनेमा त्याच्याकडे झुकतो आणि त्या घरातल्या गप्पा कमी पडतात. मला आणखी गप्पा हव्या होत्या. दुसरा भाग आला तर त्यात तपास थोडा कमी चालेल. भागवत, बन्या आणि ते पोर यांना एका एसटीत बसवा, गाडी घाटात बंद पाडा, आणि त्यांना बोलू द्या.

कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर घरात मुलं असतील तर ‘शेरलॉक ज्युनियर’, दोघंच असाल तर ‘द थिन मॅन’. आणि सगळं घर एकत्र बसणार असेल तर ‘सोनार केल्ला’. बंगाली येत नसलं तरी अडत नाही, सबटायटलवर निभावतं. फक्त जटायू गाडीत चढेपर्यंत कोणाला उठू देऊ नका.